पाच अंक वाचा, मग सभासद व्हा

१९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये काही पुरुष एका खासगी बैठकीला जमले. प्रत्येकाकडे एक पिशवी आणि पिशवीत बायकी पायमोजे व उंच टाचांचे बूट. सगळ्यांनी ते एकदमच पायांत चढवले. कुणी पोलिसांचा माणूस निघालाच, तर तोही अडकावा म्हणून! युक्ती व्हर्जिनिया प्रिन्स यांची. गटाचं नाव 'होज अँड हील्स क्लब'.

ही माणसं एकमेकांना सापडली ती 'ट्रान्सव्हेस्टिया' या द्वैमासिकामुळे. औषधशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या, जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या प्रिन्सनी ते १९६० मध्ये काढलं. २५ जणांचे प्रत्येकी चार डॉलर, एवढंच भांडवल. आत्मकथनं, गोष्टी, फोटो असा बराचसा मजकूर वाचकच पुरवत. न्यूयॉर्कच्या सुझाना व्हॅलेंटी त्यात सदर लिहीत. कॅटस्किलच्या डोंगरात त्या आणि त्यांच्या पत्नी एक विश्रामस्थान चालवत. शनिवार-रविवारी तिथे ही मंडळी झगे घालून निर्धास्त पत्ते खेळत बसत.

पोलिसांइतकीच धास्ती टपालखात्याची. एका खासगी पत्रातल्या मजकुरावरून प्रिन्सवर अश्लीलतेचा खटला झाला. तुरुंग टळला, पण देखरेखीच्या काळात स्त्रीवेशाला बंदी आली. वकिलाने शिताफीने व्याख्यानांपुरती सूट मिळवली, आणि प्रिन्स स्त्रीवेशात व्याख्यानं देत हिंडू लागल्या.

या भीतीतूनच पुढचा सोवळेपणा आला असावा. १९६२ च्या सुमारास क्लबची देशव्यापी संघटना झाली. सभासद व्हायचं तर द्वैमासिकाचे किमान पाच अंक वाचलेले हवेत, शिवाय मुलाखत. समलिंगी पुरुषांना प्रवेश नाही, शस्त्रक्रिया करून स्त्री होऊ पाहणाऱ्यांनाही नाही. आम्ही घरदार, बायकामुलं असलेले सभ्य पुरुष, हे जगाला पटवायचं होतं. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या 'बोमाँट सोसायटी'नेही सुरुवातीला हीच चाळणी लावली; तिची दारं सगळ्यांना खुली व्हायला बराच काळ गेला.

मला हा सोवळेपणा समजतो, पटत नाही. पोलिसांच्या काठ्या सर्वाधिक खाणारे रस्त्यावरचे लोक या सभ्यतेत बसतच नव्हते. त्यांनी मग आपली वाट काढली. समलिंगींच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांशी झालेल्या दंगलीनंतर न्यूयॉर्कमध्ये ली ब्रूस्टर यांनी 'क्वीन्स लिबरेशन फ्रंट' उभी केली आणि 'ड्रॅग' नावाचं नियतकालिक काढलं. त्यात चोरून भेटण्याच्या युक्त्यांपेक्षा कायदा बदलण्याची भाषा अधिक होती.

प्रिन्स स्वतः १९६८ पासून पूर्णवेळ स्त्री म्हणून जगल्या, शस्त्रक्रियेविना. 'ट्रान्सव्हेस्टिया'चे शंभर अंक त्यांनीच संपादित केले.