चॉबमची छावणी, १८५३

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या चॉबमच्या माळरानावर १८५३च्या उन्हाळ्यात ब्रिटिश पायदळ, घोडदळ आणि तोफखान्याने एकत्र युद्धसराव केला. सेनापती लॉर्ड सीटन हे वॉटर्लूच्या लढाईत ५२व्या पलटणीचे नेतृत्व केलेले मुरब्बी योद्धे. २१ जूनला राणी व्हिक्टोरियाने सैन्याची पाहणी केली. बघ्यांची झुंबड उडाली आणि हाताने रंगवलेल्या शिळाछाप चित्रांना गिऱ्हाईक मिळाले.

अशी चित्रे पाहताना आधी पायदळाचा चौकोन शोधावा. घोडदळ चालून येताच पलटण चहूबाजूंना तोंड करून उभी राही. पुढच्या रांगा गुडघ्यावर बसून संगिनी बाहेर रोखत, मागचे उभ्यानेच गोळ्या झाडत. लाल डगले, बंदुकांचा पांढरा धूर, अस्वलाच्या कातडीच्या उंच टोप्या घातलेले गार्ड्स हे सगळे देखणेच. पण या कवायतीतली शिस्त नीट दिसते ती चौकोनाच्या कोपऱ्यांत, कारण फळी फुटायची भीती तिथेच सर्वाधिक.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. कायमच्या सरावतळासाठी ऑल्डरशॉटची जमीनही १८५४मध्येच घेतली गेली.