कोस
कोस : अंतर मोजण्याचे भारतातील एक जुने माप. संस्कृत ‘क्रोश’ या शब्दाचे हे प्राकृतातून आलेले रूप. क्रोश हा शब्द ‘क्रुश्’ (ओरडणे, हाक मारणे) या धातूपासून बनला असून, मारलेली हाक जेथवर ऐकू जाते तेवढे अंतर, हा त्याचा मूळ अर्थ होय. भांडार, शब्दसंग्रह इ. अर्थांचा ‘कोश’ हा शब्द निराळा. गाईचे हंबरणे ऐकू येईल तेवढे अंतर या अर्थाचा ‘गोरुत’ हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रात आढळतो. चार गोरुतांचे एक योजन तेथे सांगितले आहे. मोघल काळातील फार्सी ग्रंथांत याच मापास ‘कुरोह’ म्हटले आहे.

कानाने ठरविलेले हे अंतर पुढे अंगुळे, हात व धनुष्ये यांच्या कोष्टकात बसविले गेले. मात्र ती कोष्टके परस्परांशी जुळत नाहीत. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग याने ५०० धनुष्यांचा एक क्रोश व आठ क्रोशांचे एक योजन दिले आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) चार हातांचा दंड, २,००० दंडांचा क्रोश व चार क्रोशांचे योजन आहे. हात सु. ४६ सेंमी. धरल्यास पहिला कोस १ किमी.हूनही थोडा कमी, तर दुसरा सु. ३·६६ किमी. भरतो. मोकळ्या रानात माणसाची हाक पहिल्या अंतरापर्यंत पोहोचणे शक्य आहे, दुसऱ्यापर्यंत नाही. म्हणजे व्युत्पत्तीशी मेळ बसतो तो लहान कोसाचा. व्यवहारात मात्र मोठा कोसच अधिक रूढ झाला.

हा फरक केवळ गणिताचा नाही. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात (हा स्तंभ मूळचा टोपरा येथील असून आता दिल्लीस आहे) रस्त्यांवर विहिरी खोदविल्याचा उल्लेख असून त्यांतील अंतरासाठी ‘अढकोसिक्य’ हा शब्द योजिला आहे. त्याचा अर्थ काही अभ्यासक ‘आठ कोसांवर’, तर काही ‘अर्ध्या कोसावर’ असा करतात. अर्धा मोठा कोस धरल्यास दोन विहिरींत दोन किमी.चेही अंतर राहत नाही. आठ कोस धरले, तर लहान कोसाप्रमाणे सु. सव्वासात व मोठ्या कोसाप्रमाणे सु. २९ किमी. अंतर पडते. तहानलेल्या वाटसरूच्या दृष्टीने या तिन्ही व्यवस्था अगदी वेगळ्या ठरतात.

मध्ययुगात कोस निश्चित करण्याचे प्रयत्न राज्यकर्त्यांनी केले. शेरशाह सूर (कार. १५४०–४५) याने हमरस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधल्या. अकबराच्या काळी ५,००० इलाही गजांचा कोस ठरविण्यात आला. पुढे ब्रिटिशांनी मानलेल्या ३३ इंची गजाने तो सु. ४·१९ किमी. होतो. जहांगीरने १६१९ मध्ये आग्रा-लाहोर मार्गावर कोसाकोसावर मनोरे उभारण्याचा हुकूम दिला. असे ‘कोसमिनार’ हरयाणात कर्नाल, पानिपत इ. भागांत अजून उभे आहेत; दिल्लीचा एक प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सापडतो. गावोगावचा कोस मात्र बदलला नाही. उत्तर भारतात पक्का व कच्चा असे भेद राहिलेच. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारातही फौजेच्या मुक्कामांची अंतरे कोसांत येतात; ती मोजणीपेक्षा चालीच्या अंदाजाने दिलेली असत, हे ध्यानात न घेता नकाशावर लावल्यास फसगत होते. ब्रिटिश अमदानीत कोस सामान्यतः दोन मैलांचा धरीत. मेट्रिक पद्धतीच्या १९५६ च्या कायद्यानंतर त्याचा उरलासुरला व्यावहारिक उपयोगही मागे पडला.

मराठीत शब्द मात्र टिकून आहे. ‘कोसभर चालणे’, ‘कोसो दूर’ या प्रयोगांत नेमके अंतर अभिप्रेत नसते. ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ या म्हणीतील बाराही मोजून घ्यावयाचे नाहीत. ‘पंचक्रोशी’ हा मूळचा क्षेत्राभोवतीच्या पाच कोसांच्या परिसराचा वाचक शब्द. काशीची पंचक्रोशी यात्रा प्रसिद्धच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात तो आसपासच्या गावांचा समूह या अर्थी रूढ झाला असून, शाळा, सहकारी संस्था व क्रीडामंडळे यांच्या नावांतही तो आढळतो.