तळ्याच्या तळाशी लावलेले गवत

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी सालेकसा सोडून दरेकशाच्या डोंगरांत शिरेपर्यंत धानाच्या बांध्या साथ सोडत नाहीत. गोंदियाच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या तांदळाच्या व्यापारामागे या प्रदेशातील तळी उभी आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ती बांधली. पुढे ती मालगुजारांकडे गेली आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ झाली. कोणा मामाचा त्यांच्याशी संबंध नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत.

या तळ्यांवर भिरभिरणारे चतुर आणि टाचण्या सर्वांच्या परिचयाच्या. चतुरिंद्रियांत गणल्या जाणाऱ्या या जीवाचे लोकांनी ठेवलेले नावही ‘चतुर’च असावे, हा गोड योगायोग! मात्र त्याचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते. टाचणी पाणवनस्पतीच्या देठात अंडी घालते. पिल्लू पाण्यात डासांच्या अळ्यांवर वाढते आणि पूर्ण वाढ झाली की देठावर चढून कात टाकते; तेव्हा कुठे पंख मोकळे होतात. देठच उरला नाही, तर अनेक जातींचे जीवनचक्र तेथेच तुटते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2021 मध्ये जगातील चतुर-टाचण्यांच्या 6,016 जातींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी 16 टक्के जाती धोक्यात आढळल्या. पाणथळींचा ऱ्हास हेच प्रमुख कारण.

जपानमधील इवाता येथील ओकेगाया-नुमा हे तळे अशाच एका अतिसंकटग्रस्त चतुराचे आश्रयस्थान आहे. तेथे बाहेरून आलेल्या झिंग्यासारख्या प्राण्याने पाणवनस्पतींचा फडशा पाडला, आणि चतुर वाचवण्यासाठी आधी तळे सावरावे लागले.

गोंदियातही हेच घडत आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळ्यांची निगा राखणारे हात सैल झाले. काठांवर बेशरम माजली, धानाच्या शेतांतून रासायनिक खते पाण्यात उतरली, आणि गवत्या माशासारख्या बाहेरून आणलेल्या जातींनी उरलीसुरली पाणगवते खाल्ली. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजणकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर समाजासह हा क्रम उलटवायला घेतला. बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला आणि दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा बुडून राहणाऱ्या होत्या, तशाच पाने तरंगणाऱ्या आणि देठ पाण्याबाहेर काढणाऱ्याही.

लावणीत स्त्रियांचा मोठा सहभाग होता. कोणते गवत किती खोलीवर रुजते, हे ज्ञान पुस्तकातले नव्हे, ते धीवरांचे. त्यांची उपजीविका मासेमारीची, ती आपल्या आचारात बसत नाही. तरी तळ्याची ओळख त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला नाही, हे मान्य करावेच लागेल.

काम एका हंगामात आटोपत नाही. बेशरमीचा तुटका तुकडाही ओल्या मातीत पुन्हा रुजतो. म्हणून उपटलेली झुडपे पाळीवर न टाकता दूर नेऊन वाळवावी लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच काठ पुन्हा तपासावा लागतो.