झाडावरचा दोर : फांदी कशी निवडावी, दोरी कधी उतरवावी

रत्नागिरी : मार्च उजाडला की जिल्ह्यातील हापूसच्या बागांतून झेले बाहेर निघतात. गडी कलमावर चढतो, एका हाताने फांदी धरतो, दुसऱ्या हाताने झेला सांभाळतो आणि शेंड्याकडच्या आंब्यापर्यंत पोचण्यासाठी अंग झोकून देतो. त्याच्या कमरेला दोर नसतो. पाय ठेवलेली फांदी पेलेल की नाही, याचा निर्णय तो झाडावर असतानाच करतो, आणि निर्णय चुकला तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. झाडावरून पडून जखमी झाल्याची बातमी त्यामुळे दर हंगामात कुठून ना कुठून येतेच.

कोकणात झाडावर चढणे हा कौतुकाचा विषय कधीच नव्हता. ते पोटाचे काम होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र याच कामाचा रीतसर खेळ झाला आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात पीटर जेंकिन्स यांनी 1983 मध्ये ‘ट्री क्लायंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन केली आणि केवळ आनंदासाठी दोराने झाडावर चढण्याचे शिक्षण सर्वसामान्यांना देण्यास सुरुवात केली. पुढे जपानसह अनेक देशांत हा छंद पसरला. भारतात तो अद्याप फारसा रुजलेला नाही. तरीही सह्याद्रीचे कडे चढणाऱ्या तरुणांकडे आज हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर आणि चांगला दोर असतो. परसातल्या उंच रायवळ आंब्याकडे किंवा चिंचेकडे त्यांची नजर जाणे स्वाभाविक आहे.

या पद्धतीत आणि आपल्या पारंपरिक चढाईत मूळ फरक एकच आहे. येथे चढणारा फांदीला धरून वर जात नाही. तो जमिनीवरूनच उंचावरील एका फांदीवर दोर घालतो आणि त्या दोरावर चढतो. साहजिकच सर्वांत मोठा निर्णय पाय जमिनीवर असतानाच होतो. कोणती फांदी? एवढ्या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून असते.

आधी झाडाभोवती फेरी

झाड खाली उभे राहून एका बाजूने पाहणे पुरेसे नसते. त्याभोवती पूर्ण फेरी मारावी, शक्य असल्यास दुर्बीण लावावी. बुंध्यावर अळंबी उगवली असेल तर आतले लाकूड कुजत असल्याचे ते लक्षण असते. आंब्याच्या बाबतीत भिरुडाकडे, म्हणजे खोडकिड्याकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. याची अळी सालीखाली आणि लाकडात शिरून खोड पोखरते. छिद्राशी साठलेला भुसा आणि ओघळलेला रस एवढीच तिची बाहेरून दिसणारी खूण. पाने हिरवीगार असतानाही फांदी आतून पोकळ असू शकते. बांडगुळाने धरलेल्या फांद्याही टाळाव्यात, कारण त्यांच्या पुढचा भाग हळूहळू वाळत जातो.

झाडाची जातही पाहावी लागते. जांभळाची आणि शेवग्याची फांदी कडकन मोडते, चिंचेची वाकते पण सहसा सोडत नाही, हे कोकणातल्या पोरासोरांना पाठ असते. ते ज्ञान येथे उपयोगी पडते. दोन फांद्या जिथे फुटतात ते बेचके रुंद, इंग्रजी ‘यू’सारखे असेल तर भक्कम समजावे. ‘व्ही’सारखे अरुंद असेल, दोन्ही फांद्यांची साल मध्ये चेपली गेली असेल, तर तेथे लाकडाचा सांधा नीट जुळलेला नसतो आणि भार आल्यावर ते उभे चिरू शकते.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली, मंडणगड भागातील बागांची मोठी हानी झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ या किनाऱ्याजवळून गेले. उन्मळून पडलेली झाडे सर्वांनी पाहिली. उभ्या राहिलेल्या झाडांच्या फांद्यांना गेलेले तडे मात्र फारसे कोणी मोजले नाहीत. वादळ सोसलेल्या झाडात मोडून अडकलेली फांदी वर लोंबत असेल, तर त्याखाली उभेही राहू नये.

शिवाय आग्या मोहोळ. या माशांना उंच झाडाच्या जाड, आडव्या फांदीची खालची बाजू आवडते. दोरासाठी आपण जी फांदी पसंत करतो, नेमकी तीच! दोरी सुटल्यावर मोहोळ दिसले तर पळायला वाव असतो. दोरावर अर्ध्यात लटकत असताना दिसले तर नसतो. पाने शिवून घर करणाऱ्या ओंबिलांचा चावा जीवघेणा नसला, तरी दोन्ही हात दोरावर गुंतलेल्या माणसाला तो असह्य होतो. विजेच्या तारांबद्दल तर शंकाच नको. वाऱ्याने झुललेली फांदी किंवा उडालेली दोरी तारेपर्यंत पोचू शकत असेल, तर ते झाड वगळावे. ओला दोर विजेला वाट देतो.

दोरी टाकण्याचे तंत्र

जाड दोर थेट वर फेकता येत नाही. म्हणून आधी साधारण दोन मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी वर घालतात. तिच्या टोकाला छर्रे भरलेली, 250 ते 450 ग्रॅम वजनाची छोटी पिशवी असते. दोन्ही हातांनी ती पायांमध्ये लंबकासारखी झुलवून वर सोडली, की सरावलेला माणूस पंधरा-वीस मीटर उंचीपर्यंत नेम साधतो. त्याहून वर जायचे तर आठ फुटी दांड्यावर बसवलेली मोठी गलोल वापरतात.

नेम लागला म्हणजे काम झाले, असा नवख्यांचा समज असतो. खरे काम तिथून सुरू होते. दोरी बहुधा एका फांदीवरून न जाता तीन-चार फांद्या ओलांडून पडते. तशीच ठेवून तिच्यामागे दोर ओढला, तर भार कोणत्या फांदीवर येणार हे कळत नाही. वरची बारीक फांदी मोडली की माणूस खालच्या फांदीपर्यंत दाणकन घसरतो. त्या झटक्याने खालची फांदीही जाऊ शकते. म्हणून पिशवी थोडी वर खेचावी, पुन्हा सोडावी, हलकेच झोके द्यावेत, आणि नको त्या फांद्यांवरून दोरी एकेक करून उतरवत ती एकाच निवडलेल्या फांदीवर, खोडाशी जवळ, आणावी. या कामात कधी अर्धा तास जातो. तेवढा धीर नसेल तर हा छंद आपला नव्हे.

पिशवी बेचक्यात अडकली तर दोरी हाताला गुंडाळून हिसके देण्याचा मोह होतो. ताणलेली दोरी अचानक सुटली की ती पिशवी बंदुकीच्या गोळीसारखी तोंडावर येते. हेल्मेट घालूनच दोरी टाकावी आणि खाली इतर कोणी असू नये. पिशवी निघतच नसेल, तर तिच्यावर पाणी सोडावे.

फांदी किती जाड हवी? सर्वसाधारण संकेत असा, की जिवंत फांदी किमान 10 आणि शक्यतो 15 सेंटिमीटर जाडीची असावी. पण जाडीइतकाच दोराच्या मांडणीचाही प्रश्न असतो, आणि येथे अनुभवी गिर्यारोहकही फसतात. दोराचे दोन्ही पदर चढणाऱ्याच्या हार्नेसशी येत असतील, तर फांदीवर साधारण त्याच्या वजनाइतका भार पडतो. दोराचे एक टोक बुंध्याला बांधून दुसऱ्या पदरावर चढले, तर त्या दुसऱ्या पदराची ओढही फांदीवरच येते; भार जवळजवळ दुप्पट होतो. सत्तर किलोचा माणूस चढतो आणि फांदी एकशे चाळीस किलो पेलत असते. म्हणून चढण्यापूर्वी दोघांनी एकाच वेळी दोराला लटकून, पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच, फांदीची परीक्षा घ्यावी. कट्‌ असा बारीक आवाज आला तरी दुसरी फांदी शोधावी. सर्वांत उंच फांदीचा हट्ट कशाला? मधली भक्कम फांदी गाठून तिथून पुढचा दोर वर घालता येतो.

दोराबाबत रत्नागिरीत एक स्थानिक मोह आहे. मासेमारीचा दोर येथे सहज आणि स्वस्त मिळतो. पण तो बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनचा असतो. सुमारे 165 अंश सेल्सिअसला तो वितळतो आणि उन्हात लवकर ठिसूळ होतो. गाठ दोरावरून घसरताना घर्षणाने जी उष्णता निर्माण होते, ती अशा दोराला मानवत नाही. काथ्या दमट हवेत आतून कुजतो. गिर्यारोहणाच्या दुकानात मिळणारा 11 मिलिमीटरचा, कमी ताणला जाणारा ‘स्टॅटिक’ दोर महाग वाटला, तरी तोच घ्यावा. फांदीवर दोर घासून साल सोलली जाऊ नये म्हणून मध्ये चामड्याची नळी किंवा कड्यांचा पट्टा घालतात. सालीखालचा जिवंत थर एकदा घासला गेला की ती जखम भिरुडाला आणि बुरशीला आमंत्रण ठरते.

दोराने दगा दिल्यास काय होते, याचे उदाहरण या क्षेत्रातील सर्वांत अनुभवी व्यक्तींपैकी एकीचे आहे. डॉ. नलिनी नाडकर्णी या अमेरिकेतील ख्यातनाम वनशास्त्रज्ञ. त्यांचे वडील मूळचे ठाण्याचे. झाडांच्या शेंड्यावरील जीवसृष्टीचा अभ्यास त्यांनी कोस्टा रिकातील माँटेव्हर्डे येथे दोरावर चढूनच केला. उंच फांद्यांवर साठलेल्या मातीत झाडे स्वतःचीच मुळे सोडतात, हे त्यांचे संशोधन 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. साडेतीन दशके झाडांवर वावरलेल्या नाडकर्णी 2015 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जंगलात सुमारे 50 फुटांवरून कोसळल्या आणि गंभीर जखमी झाल्या. त्या वाचल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

मागे ठेवलेली दोरी

एवढ्या खटपटीने एका फांदीवर आणलेली दोरी काढून टाकणे जिवावर येते. पुढच्या रविवारी पुन्हा अर्धा तास कोण घालवणार? म्हणून उतरल्यावर दोर खाली ओढताना त्याच्या टोकाला बारीक दोरी बांधतात. दोर खाली येतो, दोरी वर राहते; पुढच्या खेपेस तिच्याच मदतीने दोर वर जातो. सोय मोठी आहे. अडचणीही आहेत.

पहिली अडचण माणसांची. झाडावरून लोंबणारी दोरी दिसली की मुले तिला लोंबकळणारच, आणि ती दोरी माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. म्हणून जाड दोर कधीही मागे ठेवू नये आणि बारीक दोरीची टोके हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत. एका दोरीने ते साधत नाही. दोन्ही टोके एकमेकांना बांधून केलेले वेटोळे वर खेचून ठेवतात आणि पुढच्या वेळी लांब काठीच्या आकड्याने खाली घेतात. दुसरी अडचण झाडाची. फांदी जाड होत जाते. तिच्याभोवती दोरी करकचून बांधलेली असेल तर ती सालीत रुतते. वेटोळे नेहमी सैल, सरकते असावे. तिसरी अडचण पक्ष्यांची. पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, त्यामागे पक्ष्यांना होणाऱ्या जखमांचे कारण होतेच. ही दोरी मांजाइतकी धारदार नसली, तरी तिचे सुटलेले गुंते पायात अडकू शकतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला भरवतो; त्या झाडाखाली माणसांचा वावर वाढला तर नर ढोलीपाशी यायला बुजतो. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर समुद्रगरुडाची घरटी असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने त्यांची पाहणी केलेली आहे. घरटे असलेल्या झाडावर दोरी ठेवू नये, टाकूही नये.

झाड कोणाचे, हा प्रश्न तर सर्वांच्या आधीचा. बागायतदाराची परवानगी तोंडी का होईना घ्यावी, आणि दोरी मागे ठेवणार असल्यास तसे स्पष्ट सांगावे. देवराईतील झाडे देवाची. तेथे गावकऱ्यांच्या संमतीविना दोरी टाकणे म्हणजे भांडण विकत घेणे होय.

बागायतीत मात्र हीच दोरी उपयोगाची ठरू शकते. नारळ विकास मंडळाने 2011 पासून माडावर चढणाऱ्यांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यांच्यासाठी विम्याची योजनाही आणली. माडाला फांद्या नसल्याने तिथे शिडीसारखे यंत्र चालते. आंब्याला ते चालत नाही. जुन्या, उंच कलमांवर हंगामापूर्वी एकेक बारीक दोरी घालून ठेवली, तर तोडणीच्या दिवशी पाच मिनिटांत दोर वर जातो आणि गड्याचा तोल वरून सांभाळला जातो. आंबा फांद्यांच्या टोकाला लागतो, त्यामुळे एका दोराने सारे झाड हाताशी येणार नाही. दोन-तीन ठिकाणी दोर हलवावा लागेल आणि गड्याला हार्नेसची सवय लावावी लागेल. मजुरीच्या हिशेबात हा वेळ कोण धरणार, याचे उत्तर बागायतदारांनाच द्यावे लागेल.

दोरी कोणत्याही कारणाने ठेवलेली असो, मेअखेरीस ती उतरवावी. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिन्यांत दोरीवर शेवाळ चढते, वानरे तिला ओढून गुंता करतात आणि उन्हाने आधीच कमजोर झालेले धागे सुटू लागतात. काढताना पिशवी आणि सर्व गाठी सोडून मोकळे टोक फांदीवरून ओढावे, म्हणजे ते बेचक्यात अडकत नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा चढायचे असल्यास जुनी फांदी ओळखीची म्हणून तीच धरू नये. झाडाभोवतीची फेरी नव्याने मारावी.