मटक्याचे खटले : शिक्षा नेमकी कोणाला?

तालुक्याच्या न्यायालयात सकाळी पुकारा सुरू झाला की मारामारी व दारूबंदीच्या प्रकरणांबरोबर मटक्याचीही प्रकरणे निघतात. पानटपरीच्या आडोशाला आकडे लिहून घेताना पकडलेला एखादा इसम, चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पेन आणि थोडी रोकड, एवढाच बहुतेक खटल्यांचा मुद्देमाल. आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि पुन्हा त्याच टपरीपाशी उभा राहतो. दंड त्याच्या खिशातून गेलेला नसतो, हे न्यायालयाच्या आवारात कोणाला सांगावे लागत नाही.

हे खटले चालतात ते १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. मटका त्यानंतरचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत आकडे लावले जात. ते भाव येणे १९६१ मध्ये थांबले आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. जुगाराच्या व्याख्येत पैजही येत असल्याने कायद्याचे हात येथे तोकडे नाहीत. अड्डा चालविणाऱ्यास चौथ्या कलमाप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुगार हा घटनेचे संरक्षण मिळणारा व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मग घोडे अडते कोठे? ते अडते तपासात. सार्वजनिक जागी जुगार खेळणाऱ्यास बाराव्या कलमाखाली वॉरंटाविना पकडता येते. ही वाट सोपी. म्हणून तपास रस्त्यावरच्या चिठ्ठीवाल्यापाशी संपतो. अड्ड्यावर छापा घालावयाचा तर सहाव्या कलमाप्रमाणे अधिकृत वॉरंट किंवा खास अधिकार हवा. तो रीतसर असेल, तर सापडलेल्या साधनांवरून ती जागा जुगाराचा अड्डाच होय, असे सातव्या कलमाने गृहीत धरता येते. सरकारी वकिलाच्या हाती याहून धारदार शस्त्र नाही. परंतु वॉरंटात खोट निघाली की हे गृहीतक कोसळते आणि सारा भार पंचांवर येतो. ठाण्याच्या ओळखीतले, प्रत्येक पंचनाम्यावर सही करणारे पंच उलटतपासणीत टिकत नाहीत. काही तर ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ असे सांगून मोकळे होतात. चिठ्ठीवरील आकड्यांचा अर्थ जाणकाराकरवी शाबीत केला नसेल, तर न्यायाधीशापुढे उरतात ते केवळ आकडे. अशा पुराव्यावर आरोपी सुटला तर दोष न्यायालयाचा नव्हे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमाने टोळीने चालविलेल्या बेकायदा सट्ट्यास एक ते सात वर्षांची कैद सांगितली आहे. ही साधने उपयोगी खरी. पण चिठ्ठीवाल्याकडून पैसे कोणाकडे पोहोचतात याचा माग काढला गेला, आणि आरोपपत्रापूर्वी सरकारी वकिलाचा सल्ला घेतला गेला, तरच.

पगाराच्या दिवशी घरी पोहोचण्यापूर्वीच ज्याचे पैसे आकड्यावर जातात, त्याच्या बायकामुलांना खटल्यांच्या संख्येशी कर्तव्य नाही. न्यायालयात वर्षाकाठी किती दंड जमा झाला, यावरून यश मोजणे म्हणूनच फसवे होय. धंद्याचा मालक पिंजऱ्यात उभा राहत नाही, तोवर हा दंड त्याच्या दृष्टीने धंद्याचा एक किरकोळ खर्चच राहणार.