नवजात बालक आणि घराच्या खोल्या

मुंबई शहरांत १९२१ सालीं किती अर्भकें दगावलीं याचा हिशेब आरोग्यखात्यानें ठेवला, तेव्हां त्यांत नेहमीपेक्षां एक निराळी गोष्ट टिपली गेली. दगावलेलें मूल किती खोल्यांच्या बिऱ्हाडांतलें होतें, ही ती गोष्ट. एका खोलींत किंवा खोलीच्या एखाद्या भागांत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागें ८२८ मुलें वर्षाच्या आंत मृत्यु पावलीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा आंकडा ३२२ होता, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत १९१, आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. शहर एक, वर्ष एक, पाऊसपाणी एक. अंतर काय तें घराच्या भिंतींचें.

हे आंकडे जसेच्या तसे घेऊं नयेत, हें त्या काळच्या जाणत्या मंडळींनींही सांगितलें होतें. गिरणींत काम करणारी कोंकणांतील किंवा घाटावरील स्त्री बाळंतपणास गांवीं जाई. जन्माची नोंद तिकडे राही. मूल चाळींत आणल्यावर दगावलें कीं मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या नांवावर पडे. म्हणजे अपूर्णांकाचा छेद लहान आणि अंश मोठा झाला, आणि उत्तर फुगलें. तथापि हिशेबांतला हा दोष वजा केला, तरी शिडीच्या पायऱ्या पुसल्या जात नाहींत. दोन, तीन व चार खोल्यांच्या आंकड्यांतही उतार आहेच.

खोली स्वतः मूल मारीत नाहीं, हें उघड आहे. खोली ही केवळ खूण होय. जिच्या घरीं एकच खोली, ती माता बहुधा दिवस भरेपर्यंत साच्यापुढें उभी राही, आणि बाळंतपणानंतर लौकरच पुन्हां कामावर जाई. मागें राहिलेलें मूल रडूं नये म्हणून त्यास अफूची बाळगोळी दिली जाई. ही चाल किती सर्रास होती, हें सरकारनें त्याच सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून करविलेल्या चौकशींत दिसून आलें. त्या आईस निष्ठुर म्हणणें सोपें आहे; पण एक दिवसाची मजुरी बुडाली तर त्या दिवशीं खायचें काय, या प्रश्नाचें उत्तर तिला दूषण देणाऱ्यांपैकीं कोणींच दिलें नव्हतें. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याचें विधेयक चर्चेस आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा देतांना, मातेस प्रसूतीच्या आधीं व नंतर विसांवा मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, असें प्रतिपादन केलें. पुढल्याच वर्षीं कायदा झाला, आणि गिरणीतल्या बाईस कांहीं आठवड्यांची रजा व दररोज ८ आणे मिळण्याची सोय झाली.

आतां प्रश्न असा कीं, आईबापांची गरिबी नुकत्या जन्मलेल्या जिवाच्या अंगांत शिरते कोणत्या वाटेनें? त्यानें अद्याप ना दूषित पाणी प्यालेलें असतें, ना शिळें अन्न खाल्लेलें. याचें उत्तर वजनाच्या कांट्यावर मिळतें. जन्माच्या वेळीं ज्याचें वजन अडीच किलोपेक्षां कमी भरतें, तें मूल धोक्याचें समजतात. अशा बाळाच्या अंगावर चरबी थोडी असते, आणि वजनाच्या मानानें त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो. म्हणून लहान भांड्यांतलें पाणी जसें लौकर निवतें, तसें तें चटकन् गार पडतें. गार पडलें कीं ओढून पिण्याची शक्ति कमी होते, पिणें कमी झालें कीं रक्तांतली साखर उतरते, आणि अशा अशक्त देहांत जंतूंस वाव मिळतो. यांतलें कोणतें आधीं घडलें हें सांगणें कित्येकदां कठीण जातें. मात्र हें वजन बाळानें नऊ महिन्यांत मिळविलेलें नसतें. आई स्वतः लहानपणीं कशी वाढली, तिचें लग्न कोणत्या वयांत झालें, तिच्या अंगांत रक्त किती, दोन बाळंतपणांत अंतर किती, गरोदरपणीं डोक्यावर ओझें किती, या सर्वांचा जमाखर्च त्या कांट्यावर उमटतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि महाराष्ट्रांत वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर स्त्रियांत सुमारें बावीस जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें होतें. म्हणजे मुलाच्या आरोग्याची कथा एक पिढी आधींच सुरू झालेली असते.

तर मग एक पिढी थांबावें काय? गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं जो प्रयोग केला, त्याचें महत्त्व येथें आहे. त्या भागांत पाहणी केली तेव्हां शंभरांत ४२ मुलें कमी वजनाचीं भरलीं. १९९३ पासून त्यांनीं ३९ गांवें प्रयोगासाठीं व ४७ गांवें तुलनेसाठीं घेतलीं. प्रत्येक गांवांतील थोडें शिक्षण झालेली एक स्त्री निवडली, आणि तिला शिकविलें तें असें: बाळाचें वजन व ताप मोजणें, त्यास उबेंत ठेवणें, जन्मल्याबरोबर रडलें नाहीं तर श्वास देणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखणें, व गरज पडल्यास औषध आणि इंजेक्शन देणें. इंजेक्शन देण्याचें काम चार बुकें शिकलेल्या बाईकडे सोंपवावें, ही कल्पना पुष्कळांस रुचण्याजोगी नव्हती. पण तुलनेच्या गांवांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण हजारीं साठाच्या आसपासच राहिलें असतां, या गांवांत तें ६२ वरून १९९७–९८ पर्यंत सुमारें २५ वर आलें. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें हा वृत्तांत छापला. गांवें तीच, गरिबी तीच; दारापाशीं जाणतें माणूस आलें एवढाच फरक.

२०११ पासून भारत सरकारनेंही आशा कार्यकर्तीकडून अशा घरभेटी सुरू केल्या: रुग्णालयांत जन्मलेल्या बाळास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा, आणि घरीं जन्मलेल्यास पहिल्या दिवसाची धरून सात.

रुग्णालयांत बाळंतपण झालें कीं सर्व कांहीं झालें, असा समज शहरांत आढळतो. तो अपुरा आहे. २००५–०६ मध्यें देशांत शंभरांपैकीं ३९ प्रसूति रुग्णालयांत होत. २०१९–२१ मध्यें ८९ होऊं लागल्या. तेवढ्या काळांत नवजात मृत्यु हजारीं ३९ वरून २५ वर उतरले. ही घट मोठीच आहे, पण प्रसूतींच्या झेपेच्या मानानें थोडी. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणींत शहरांत हें प्रमाण १२ होतें, तर खेड्यांत २३. रुग्णालयांतून आई दोन-तीन दिवसांनीं घरीं परतते, आणि घर तेंच असतें.

कित्येकींस तर तें घरही नसतें. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, व त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. बाई गरोदर आहे म्हणून उचल कमी फिटत नाहीं. एक दिवस काम चुकलें कीं खाडा पडतो. फडांत वांकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, रात्रीं गाडी आली तर रात्रीं भरायची, आणि निजायचें कोपींत. प्रसूतीची भरपगारी रजा २०१७ सालीं २६ आठवडे झाली, ती आस्थापनेच्या हजेरीपटावर नांव असणाऱ्यांसाठीं. कोयत्याचें नांव अशा पटावर सहसा नसतें. टोळी परतते ती मार्च-एप्रिलांत. मध्यंतरीं फडावर जन्मलेल्या मुलाच्या गांवची आशा कार्यकर्ती गांवांतच असते, आणि बेचाळीस दिवस उलटून गेलेले असतात.