संकेतस्थळासाठी जागा कोठे घ्यावी? शेअर्ड होस्टिंग, व्हीपीएस व इतर प्रकारांची ओळख



'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य आता गावोगावी परिचयाचे झाले आहे. पीक विम्याचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असो किंवा सातबारा उतारा काढायचा असो, हे वाक्य ऐकून रिकाम्या हाताने परतण्याचा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. हा सर्व्हर म्हणजे नेमके काय, तो कोठे असतो आणि तो का बंद पडतो, हे माहीत नसले तरी आजवर आपले काही अडत नव्हते. परंतु शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी स्वतःचे संकेतस्थळ काढून माल थेट ग्राहकाला विकू पाहते, तेव्हा सर्व्हर ही आपलीच जबाबदारी होते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर सीताफळाचे उदाहरण घ्यावे. बालाघाटच्या डोंगररांगांत पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव शोधत पुण्या-मुंबईचा ग्राहक आपल्यापर्यंत येऊ शकतो. मात्र तोडणीनंतर सीताफळ तीन-चार दिवसांत मऊ पडते. ऐन ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळ दोन दिवस बंद राहिले तर ग्राहक दुसरीकडे जातो आणि माल मिळेल त्या भावाने बाजारात द्यावा लागतो. म्हणून जागा घेण्यापूर्वी तिचे प्रकार समजून घेणे आवश्यक आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा एक संगणकच असतो. फरक एवढाच, की तो रात्रंदिवस चालू व इंटरनेटला जोडलेला असतो आणि कोणी मागणी केली की तिला उत्तर देतो. ग्राहकाने मोबाईलवर आपल्या संकेतस्थळाचे नाव टाकले की ती मागणी सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर ते पान पाठवून देतो. जगातील पहिले संकेतस्थळ स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एका साध्या टेबलावरच्या संगणकावर सुरू केले. हा संगणक बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. तो बंद झाला असता तर संकेतस्थळही बंद झाले असते!

मग आपल्याच घरच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर संकेतस्थळ का ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. ते अशक्य नाही. पण भारनियमन, उन्हाळ्यातील उष्णता, इंटरनेट खंडित होणे आणि घरगुती जोडणीला कायमचा पत्ता नसणे या चार अडचणी त्यात येतात. म्हणून दुहेरी वीजपुरवठा, जनरेटर, वातानुकूलन आणि एकाहून अधिक इंटरनेट जोडण्या असलेल्या इमारतींमध्ये हे संगणक ठेवतात. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे अशी अनेक केंद्रे आहेत. तेथील संगणकावरची जागा भाड्याने घेणे म्हणजेच होस्टिंग.

नाव वेगळे, जागा वेगळी

संकेतस्थळासाठी दोन गोष्टी घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. शेवटी 'डॉट इन' असलेले नाव घेता येते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असलेले नावही मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे जागा, म्हणजेच होस्टिंग. नाव हा दुकानाचा फलक समजावा आणि होस्टिंग हा गाळा. गाळा बदलला तरी फलक आपल्याबरोबर नेता येतो. मात्र फलक दुसऱ्याच्या नावावर असेल तर गाळा बदलणेही कठीण होते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ.

होस्टिंगचे प्रकार

हे प्रकार समजण्यासाठी विहिरीचे उदाहरण सोयीचे आहे. विहिरीतील पाणी म्हणजे सर्व्हरची ताकद. त्यात गणना करणारा प्रोसेसर, काम चालू असताना लागणारी मेमरी, साठवणूक आणि इंटरनेटची वाहिनी या चार बाबी येतात.

१) शेअर्ड होस्टिंग : ही सामाईक विहीर होय. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे असतात आणि सर्वजण एकच पाणी वापरतात. खर्च सर्वांत कमी, साधारणपणे दरमहा शंभर-दोनशे रुपयांपासून. देखभाल कंपनीच करते, त्यामुळे तांत्रिक ज्ञान फारसे लागत नाही. परंतु शेजाऱ्याने दिवसभर मोटार चालवली की आपल्या वाट्याचे पाणी कमी होते. शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी झाली तर आपले मंदावते. सामाईक पत्त्यावरून कोणी नको असलेल्या ई-मेलचा मारा केला तर आपल्याही ई-मेल अडवल्या जाऊ शकतात. जाहिरातीत 'अमर्याद' जागा असे लिहिलेले असते. कोणतीही विहीर अमर्याद नसते, हे ध्यानात ठेवावे. फाईलींची संख्या आणि प्रोसेसरचा वापर यांवरील मर्यादा कराराच्या बारीक अक्षरांत दिलेल्या असतात.

२) व्हीपीएस : व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजेच आभासी खासगी सर्व्हर. विहीर एकच, पण प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, पाइपलाइन स्वतंत्र आणि कुलूपही स्वतःचे. एका मोठ्या संगणकाचे हायपरवायझर नावाच्या प्रोग्रामच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भागाला ठरावीक मेमरी, प्रोसेसरचा ठरावीक वाटा आणि साठवणूक दिली जाते. प्रत्येक भागात स्वतंत्र कार्यप्रणाली चालते, त्यामुळे तो भाग स्वतःला पूर्ण संगणकच समजतो. शेजारचा भाग बंद पडला तरी आपला चालू राहतो.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी १९७२ मध्येच अशी व्यवस्था बाजारात आणली होती. पुढे २००७ मध्ये लिनक्स या मोफत कार्यप्रणालीत केव्हीएम ही विभागणीची सोय समाविष्ट झाली. अशा मोफत साधनांमुळे व्हीपीएसचा खर्च आटोक्यात आला. आज लहान व्हीपीएस दरमहा काहीशे रुपयांपासून मिळतो. तरीही डिस्क व इंटरनेटची वाहिनी बहुधा सामाईकच असते. म्हणून विहिरीचे पाणी ओळखून हिस्से पाडणारी कंपनी निवडावी.

३) डेडिकेटेड सर्व्हर : ही स्वतःची विहीर. पूर्ण संगणक आपल्या एकट्यासाठी असतो. ताकद भरपूर, पण भाडे दरमहा हजारो रुपये. तो बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत थांबावे लागते. मोठे कारखाने, बँका किंवा रोज प्रचंड व्यवहार असणाऱ्या संस्थांना तो परवडतो. सर्वसाधारण उत्पादक कंपनीला त्याची गरज नसते.

४) क्लाउड होस्टिंग : अनेक विहिरी एकमेकींना जोडून, मीटर लावून पाणी देणारी योजना असे याचे स्वरूप आहे. जितके वापराल तितके पैसे, तेही तासाच्या हिशोबाने. हंगामात क्षमता वाढवता येते, हंगाम संपला की कमी करता येते. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये अशी संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरू केली आणि २०१६ मध्ये तिचे मुंबई केंद्र सुरू झाले. यातील धोका मीटरचाच आहे. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणीपट्टी वाढत जाते. म्हणून खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

५) तयार दुकान सेवा : येथे सर्व्हरचा विचारच करावा लागत नाही. कंपनी तयार दुकान देते. आपण फक्त माल, फोटो व दर भरायचे. सुरुवातीला सोयीचे, पण मासिक शुल्क द्यावे लागते आणि पुढे माहिती दुसरीकडे हलवणे अवघड जाऊ शकते.

आपल्याला किती ताकद लागेल?

बियाणे घेताना आपण क्षेत्र मोजतो, तसेच येथेही मोजमाप करावे.

पहिला हिशोब फोटोंचा. मोबाईलवर काढलेला एक फोटो सुमारे ५ एमबीचा असतो. मुख्य पानावर असे १० फोटो टाकले तर पान ५० एमबीचे होते. १,००० ग्राहकांनी ते एकदा पाहिले तर सुमारे ५० जीबी माहिती पाठवावी लागते. तेच फोटो प्रत्येकी २०० केबीपर्यंत लहान केले तर पान २ एमबीचे आणि एकूण माहिती सुमारे २ जीबी होते. म्हणजे ताकद पंचवीसपट विकत घेण्याऐवजी फोटो लहान केले तरी भागते. तालुक्याच्या गावातील कमजोर नेटवर्कवरही असे पान लवकर उघडते.

दुसरा हिशोब मेमरीचा. समजा, १ जीबी मेमरीचा व्हीपीएस घेतला. त्यातील सुमारे ४०० एमबी कार्यप्रणाली व माहितीसाठा यांना लागली. उरलेल्या ६०० एमबीमध्ये, एका मागणीला ६० एमबी धरली, तर एका वेळी १० मागण्या पूर्ण होतात. अकराव्याला रांगेत थांबावे लागते. प्रत्येक मागणीला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला २० मागण्या निघतात. रोज शे-दोनशे ग्राहक असतील तर एवढे पुष्कळ झाले. पण दूरचित्रवाणीवर बातमी आली आणि एकाच मिनिटात हजारो लोक आले तर रांग वाढते, मेमरी संपते आणि सर्व्हर मान टाकतो. 'सर्व्हर डाऊन' बहुतेक वेळा असाच होतो. शेवटच्या दिवशी सर्वांनी एकदमच अर्ज भरायला घेतले की मोठ्या सर्व्हरचीही हीच गत होते.

तिसरा हिशोब हमीचा. कंपनी '९९ टक्के वेळ चालू' अशी हमी देते, तेव्हा ती चांगली वाटते. प्रत्यक्षात ३० दिवसांच्या महिन्यात तिला ७ तास १२ मिनिटे बंद राहण्याची मुभा मिळते. '९९.९ टक्के' असेल तर सुमारे ४३ मिनिटे. म्हणून दशांश चिन्हानंतरचा आकडाही वाचावा.

कोणी काय घ्यावे?

फक्त पत्ता, फोटो, वाणांची माहिती व दूरध्वनी क्रमांक द्यायचा असेल तर शेअर्ड होस्टिंग पुरेसे आहे. ऑनलाइन मागणी, सभासदांच्या मालाची नोंद, वजनकाट्याच्या पावत्या असे व्यवहार संकेतस्थळावर होणार असतील तर व्हीपीएसचा विचार करावा. हंगामातील दोन-तीन महिनेच गर्दी असेल तर क्लाउड किंवा क्षमता वाढवता येणारा व्हीपीएस सोयीचा. सुरुवात लहान करून गरजेप्रमाणे वाढवावी. पहिल्याच वर्षी मोठा सर्व्हर घेणे म्हणजे दोन एकरांसाठी साखर कारखान्याची मोटार बसवण्यासारखे आहे.

व्हीपीएस घेताना एक गोष्ट विसरू नये. स्वतःचा हिस्सा आला की त्याची राखणही स्वतःकडे आली. कार्यप्रणालीतील सुधारणा वेळच्या वेळी भरणे, पासवर्ड सांभाळणे व नको ते दरवाजे बंद करणे ही कामे 'अनमॅनेज्ड' व्हीपीएसमध्ये आपल्याला करावी लागतात. हे करणारा जाणकार गटात नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन 'मॅनेज्ड' सेवा घ्यावी. राखणदार नसलेल्या व्हीपीएसपेक्षा चांगले शेअर्ड होस्टिंग अधिक सुरक्षित असते.

करार करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

१) डोमेन नाव गटाच्या किंवा कंपनीच्या नावावरच नोंदवावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यक्तीच्या नावावर नोंदवू देऊ नये. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा.

२) पहिल्या वर्षाचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर विचारावा. तो बऱ्याचदा कितीतरी जास्त असतो.

३) नाव व जागा यांची मुदत संपण्याची तारीख कार्यालयात फलकावर लिहून ठेवावी. नावाची मुदत उलटली तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो.

४) सर्व्हर भारतात आहे का, हे विचारावे. मुंबईतील सर्व्हर आपल्याला अमेरिकेतील सर्व्हरपेक्षा लवकर उत्तर देतो.

५) माहितीची प्रत रोज निघावी आणि ती त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे ठेवावी. बियाण्याची उगवणक्षमता तपासतो तशी ती प्रत परत चालू होते का, हे हंगामापूर्वी एकदा तपासावे.

६) पत्त्याच्या पट्टीत 'एचटीटीपीएस' दिसेल असे सुरक्षा प्रमाणपत्र बसवून घ्यावे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते मोफत मिळते; त्यासाठी मोठी रक्कम मागितल्यास कारण विचारावे.

७) ग्राहकांच्या बँक कार्डाची माहिती आपल्या सर्व्हरवर साठवू नये, पैसे मान्यताप्राप्त पेमेंट सेवेमार्फतच घ्यावेत. ग्राहकांची नावे, पत्ते व क्रमांक जपणे ही डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार आपली जबाबदारी आहे.

८) मदत हवी तेव्हा कोणत्या वेळेत, कोणत्या भाषेत व कोणत्या मार्गाने मिळेल, हे लेखी घ्यावे. शक्य तर पैसे भरण्यापूर्वी एकदा दूरध्वनी करून पाहावा.

सारांश असा, की स्वस्त किंवा महाग यापेक्षा आपले काम काय, गर्दी केव्हा व किती आणि राखण कोण करणार, या तीन प्रश्नांवर होस्टिंगची निवड करावी. सीताफळाचा हंगाम साधायचा असेल तर ही सर्व व्यवस्था जून-जुलैमध्येच उभी करून ऑगस्टमध्ये दहा-वीस सभासदांनी एकाच वेळी मोबाईलवरून मागणी नोंदवून तिची चाचणी घ्यावी. त्रुटी आढळली तर ती दुरुस्त करायला तेव्हा वेळ हातात असतो. फळ तोडल्यानंतर तो नसतो.